वासाचा रकाना

पडद्यावर क्षयाच्या जंतूचं प्रथिन फिरतंय,
भिजत घातलेल्या डिंकासारखं फुगलेलं,
आणि त्याच्या कुशीत एक खोबण.
तिथं माझा रेणू बसवायचाय.
माउसने धरते, वळवते, एक बंध पिळते
आणि उजवीकडचे रकाने
बाजारभावासारखे हलतात:
पाण्यात विरघळेल का, हिरवा.
आतड्यातून रक्तात जाईल का, हिरवा.
यकृताला त्रास, पिवळा.
हृदयाचा ठोका चुकवेल का, लाल.
एक नत्र काढून तिथं ऑक्सिजन लावते,
लाल हळूहळू निवळतो,
रागावलेला माणूस चहा बघून निवळतो तसा.

महाप्यात, दुसऱ्या मजल्यावर, हे माझं काम.
आज दुपारपर्यंत तीनशे अकरा रेणू केले
आणि एकाही भांड्याला हात लागला नाही.

त्याआधी अकरा वर्षं रबाळ्याला
फ्यूम हूडसमोर उभी होते.
पिरिडीननं की आणखी कशानं, नाक गेलं.
आधी मोगरा गेला,
मग डाळीची फोडणी,
मग उतू जाऊन जळलेलं दूध.
डॉक्टर म्हणाले, येईल परत.
कंपनी म्हणाली, तोवर संगणकावर बसा.

सॉफ्टवेअर शिकवायला निहार आला,
माझ्याहून सोळा वर्षांनी लहान.
म्हणाला, मॅडम, हे मॉडेल
लाखो रेणूंवर शिकलंय.
मी विचारलं, त्यातले किती
कुणाच्या ॲप्रनवर सांडले होते?
तो हसला. चांगला मुलगा आहे,
पण त्यानं ते वहीत लिहून घेतलं नाही.

साडेचारला जनार्दन मढवी येतात,
रबाळ्याहून नमुन्यांची पेटी घेऊन.
काचसामान धुण्यात एकतीस वर्षं.
फ्लास्कच्या तळाशी काय होतं
ते लेबल न वाचता सांगायचे,
आणि आम्ही पदव्या घेतलेले
नंतर वही उघडून बघायचो.

त्यांना क्रमांक दोनशे अठ्ठ्याण्णव दाखवला.
सगळे रकाने हिरवे, पंधरा महिन्यांत पहिल्यांदा.
गुण उणे दहा पूर्णांक दोन.
इथं उणं जितकं जास्त तितकं चांगलं,
हे समजावताना मलाच जरा खोटं वाटलं.

ते चष्मा कपाळावर सरकवून वाकले.
रचना त्यांना वाचता येत नाही,
पण टोकावरचा पिवळा गोळा ओळखीचा.
"यो गंधक हाय ना? असा उघडा?"
हो.
"बाय, यो बनवला तं
आख्ख्या घनसोलीला कलंल."

मग सांगत बसले. असाच एक फ्लास्क फुटला होता.
त्या संध्याकाळी गावात हळद होती.
नवरीची मावशी ओरडली, गॅस गळतोय,
आणि पंगत मटणाची टोपं टाकून
खाडीच्या बाजूला पळाली.
मढवीही पळाले, सगळ्यांच्या पुढं.
तो वास त्यांच्याच शर्टाचा होता
हे त्यांनी आजवर
बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

मी रकाने वर-खाली सरकवून पाहिले.
साठ-बासष्ट आहेत. वासाचा नाही.
मॉडेलला नाक नाही, मलाही नाही;
आम्ही दोघांनी मिळून याला पास केलं होतं.

गंधकावर एक मिथाइल चढवला.
यकृत पिवळं झालं, गुण उणे नऊवर आला.
मढवी म्हणाले, आताही मारंल,
पण चुलत्याच्या घरापर्यंतच.

खाली टिप्पणीची रिकामी चौकट असते.
तिच्यात मी टाइप केलं:
"घनसोली. नंतर चुलत्याचं घर."
सॉफ्टवेअरनं काही न विचारता जतन केलं.

पेटी उचलून निघताना
ते माझ्या टेबलाशी थबकले.
"तुमच्या डब्यातली भाजी आंबलीय."
मी झाकण काढलं, डबा नाकाशी धरला,
थोडा वेळ तसाच धरून ठेवला.
मग त्यांच्याकडं बघितलं
आणि ओतून दिली.